वडापाव बंद करण्याआधी मुलाला एक प्रश्न विचारा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा १६ वर्षांचा, अकरावीत. दुपारी १२ ला घरून निघतो, कॉलेज, तिथूनच क्लास, घरी यायला रात्रीचे ८ वाजतात. डबा बहुतेक दिवशी तसाच परत येतो, क्लासबाहेर वडापाव नाहीतर चायनीज भेळ होते आणि रात्री ११ ला पाकिटातले नूडल्स. मुलगी १४ वर्षांची, सकाळी नुसत्या चहावर शाळेत जाते, हिमोग्लोबिन १०.२ आलंय. तुम्ही ओट्सचा पिझ्झा, नाचणीचे नूडल्स, बिटाचा केक असं सगळं करून पाहिलंत. दोघांनी एकेक घास खाऊन ठेवून दिलं. आता ताटावर बसलं की वाद सुरू होतो. त्यांना आवडतात तेच पदार्थ पौष्टिक कसे करायचे, असं तुम्ही विचारलंय.

मी सांगलीत २४ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त याच वयाची मुलं असतात. पाककृतींकडे येतेच, पण मुलीच्या हिमोग्लोबिनचं आधी सांगायला हवं, कारण ते थांबण्यासारखं नाही. या वयाच्या मुलीत ते १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात आणि ११ च्या खाली तो मध्यम स्वरूपाचा मानतात. १०.२ वरून नुसत्या खाण्यानं वर येणं फार सावकाश होतं, तोवर तिची दहावी उजाडेल. या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. लोहाच्या गोळ्या किती आणि किती दिवस, पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, जंतांचं औषध हवं का, हे त्यांनाच ठरवू द्या. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळत असेल तर तेही त्यांना सांगा. आणि मुलीला आधीच सांगून ठेवा की गोळीनं शौचाचा रंग काळसर होतो. हे कुणी सांगत नाही, मुली घाबरतात आणि गुपचूप गोळ्या बंद करतात. घरात कुणाला कळतही नाही.

आता खाण्याकडे वळू.

सुरुवातीच्या वर्षांत मीही मुलांना तक्ते लिहून द्यायचे. सकाळी हे, दुपारी ते, वडापाव बंद, शेव बंद. दहावीतला एक मुलगा असाच यायचा. आई नेमानं तक्ता पाळायची आणि डबा नेमानं परत यायचा. तिसऱ्या भेटीत आईला बाहेर बसवून मी त्याला सहज विचारलं, "तुला वडापावमध्ये नेमकं काय आवडतं रे?" मला वाटलं, चटणी म्हणेल, मिरची म्हणेल. तो म्हणाला, "गरम असतो."

सकाळी ६ ला भरलेली पोळीभाजी तो दुपारी ४ ला उघडायचा. पोळी कडक, भाजीला पाणी सुटलेलं. समोर कढईतून निघालेला वडा, सोबत तीन मित्र. त्याच्या जागी मी असते तर मीही वडाच खाल्ला असता. मी लिहून दिलेल्या तक्त्यात त्याच्या या एका गरजेचं उत्तरच नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला आधी हे विचारते. उत्तरं फार वेगवेगळी येतात. कुणाला चिप्समधला कुरकुरीतपणा हवा असतो, कुणाला नूडल्सचा मसाला, कुणाला चीजची तार, एखाद्या मुलीला फक्त मैत्रिणींबरोबर गाड्यावर उभं राहणं हवं असतं. जे आवडतं ते जसंच्या तसं ठेवायचं आणि हात बाकीच्या गोष्टींना लावायचा. तुमचा ओट्सचा पिझ्झा का नाकारला गेला, तेही यातच आहे. पिझ्झात आवडतो तो वरचा वितळलेला थर आणि कडेचा खुसखुशीतपणा. ओट्समध्ये नेमक्या त्याच दोन गोष्टी गेल्या आणि पिझ्झा हे नाव तेवढं उरलं. आपल्याला फसवलं, असं मुलांना वाटतं. एकदा तसं वाटलं की आईनं पुढे केलेली पुढची वाटीही ती हुंगून बघतात.

तुमच्या मुलाला मी वडापावऐवजी मिसळ देऊन पाहीन. आपल्या गाड्यावरच्या पदार्थांत मिसळीइतकं सुधारायला सोपं दुसरं काही नाही, कारण तिचा पायाच मोड आलेल्या मटकीचा आहे. ५० ग्रॅम कोरड्या मटकीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं असतात. मोड आले की ती पचायला हलकी होते आणि तिच्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. मिसळीत बिघडतं ते वरच्या तर्रीत आणि बशीभर फरसाणात. घरी कट करताना कांदा आणि सुकं खोबरं नीट खरपूस भाजा, मसाल्यात कंजुषी करू नका, तेल मात्र नेहमीच्या आमटीला घालतो तेवढंच. रंगासाठी बेडगी किंवा काश्मिरी मिरची गरम तेलात गॅस बंद करून घाला, थोड्या तेलातही लालभडक तवंग येतो. फरसाण मूठभर, तेही वेगळ्या पुडीत, खाताना घालायचं. म्हणजे कुरकुरीत राहतं आणि मुलालाही आपण खरी मिसळ खातोय असं वाटतं.

ती गरम कशी राहील, हा खरा प्रश्न. रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास घ्या. साधारण अर्धा लिटरचा पुरतो. आधी त्यात उकळतं पाणी भरून झाकण लावून पाच-सात मिनिटं ठेवा, ते ओतून द्या आणि लगेच उकळती मिसळ काठोकाठ भरा. कोमट भरली तर नुसती निवतच नाही, खराबही होते, म्हणून उकळतीच हवी. १२ ला भरलेली ४ ला उघडली की चांगली गरम निघते. सोबत एक पाव किंवा दोन पोळ्या, चिरलेला कांदा, लिंबाची फोड. चार मित्रांत उघडायला लाज वाटणार नाही असा हा डबा आहे. या वयात ही गोष्ट लहान समजू नका. मुलं बेचव डबा एखाद वेळेस खातील, पण मित्र हसतील असा डबा उघडणारच नाहीत. मिसळीचा कंटाळा आला की त्याच थर्मासमध्ये मसालेभात, राजमा, छोले, अंड्याची करी किंवा भरपूर मटार-गाजर घातलेली मूगडाळीची खिचडी द्या.

वडापावही बंद करू नका. आठवड्यातले दोन दिवस त्याचे आणि मित्रांचे, तेव्हा त्यानं गाड्यावर खावं, घरी विचारपूस नको. बाकी चार दिवस डबा संपायला हवा, एवढाच करार. कुठल्या गाड्यावर खायचं, हे मात्र त्याच्याशी बोला. तेच तेल दिवसभर तापत राहिलं की त्यात घातक घटक तयार होतात. ते किती चालतील याची मर्यादा अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ पासून ठरवून दिलीय, पण गाड्यावर ती मोजणार कोण? तेल काळपट दिसतंय, वर फेस धरतोय, ठसका बसेल असा धूर येतोय, तर तो गाडा सोडायचा. मुलांना हे एकदा दाखवलं की ती स्वतःहून पारख करायला लागतात, असा माझा अनुभव आहे.

घरी वडे करणार असाल तर आप्पेपात्रात करा. बटाटा निम्मा घ्या, निम्मे वाफवून ठेचलेले मटार किंवा मोडाचे मूग. आलं, लसूण, हिरवी मिरची खलबत्त्यात कुटून, मिक्सरमधून नको. कढीपत्त्याची फोडणी, शेवटी लिंबू. बेसनाच्या पिठात एक चमचा तांदळाची पिठी घातली की कवच खुसखुशीत होतं. पीठ जरा घट्ट ठेवा, गोळा बुडवून खळग्यात ठेवा, प्रत्येकी अर्धा चमचा तेल, झाकण, मग उलटायचं. तळलेल्या वड्यासारखी चव तंतोतंत येत नाही, हे मुलांना आधीच सांगून टाका. पण लसणाची सुकी चटणी झणझणीत असेल तर वड्याची आठवण फारशी येत नाही. त्या चटणीत खोबरं कमी आणि शेंगदाणे, तीळ जास्त घाला. १०० ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, आणि १३ ते १८ या वयात दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम लागतं. दोन चमचे चटणीनं सगळं भागत नाही, पण ती रोज खाल्ली जाते हे तिचं मोल. रविवारी मात्र खरेच वडे तळा. ताजं तेल, नीट तापलेलं, एका वेळी थोडे वडे. तेल निवत राहिलं की वडा ते पितो. उरलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळणीला घेऊ नका.

आणि पाव. बाजारात तपकिरी रंगाचा ब्रेड किंवा पाव मिळतो तो गव्हाचाच असतो असं नाही. पाकीट उलटं करून घटक वाचा. यादीत पहिलं नाव मैद्याचं असेल तर तो मैद्याचाच, रंग काहीही असो. तुमच्याकडे खरा गव्हाचा पाव मिळत नसेल तर साधा लादीपाव आणा आणि दोनाच्या जागी एक द्या. त्यावरून घरात भांडण काढण्यासारखं काही नाही.

रात्री ११ चे नूडल्स. मला यात नूडल्सपेक्षा ११ ची वेळ जास्त खटकते. रात्री ८ ला घरी आलेला मुलगा थकून जेवतो, अर्धवट जेवतो, मग अभ्यासाला बसल्यावर पुन्हा भूक लागते. १६ व्या वर्षी ती भूक खरी असते. त्याची उंची वाढतेय, खांदे भरतायत. त्याला खादाड म्हणू नका. दुपारचा थर्मास संपायला लागला की ही भूक बरीच कमी होईल, हे तुम्हाला पंधरवड्यात दिसेल.

तरी नूडल्स हवेतच, तर असे करा. वडी वेगळ्या पाण्यात उकळा आणि ते पाणी टाकून द्या, कारण या वड्या बहुतेक पाम तेलात तळून वाळवलेल्या असतात आणि थोडं तेल त्या पाण्यात उतरतं. कढईत कांदा, टोमॅटो, सिमला मिरची, मटार मोठ्या आचेवर परता, त्यात दोन अंडी फोडून घाला किंवा पनीर कुस्करा, मग नूडल्स. मसाल्याची पुडी अर्धीच घाला, आणि अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर. वर लिंबू पिळा. मीठ कमी पडलंय असं जिभेला वाटतं तेव्हा आंबट ते भरून काढतं. एका वडीत एवढं सगळं घातलं की दोघा भावंडांना पुरतं. उरलेली अर्धी पुडी डब्यात ठेवून द्या, पुढच्या वेळी कामाला येईल.

पुडीवर मी एवढी का अडून बसते, ते सांगते. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला अडीचनं गुणलं की मीठ कळतं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते. आपल्याकडे आमटी, भाजी, लोणचं, पापड यांतच ते संपून जातं. मुलाला स्वतःलाच हा गुणाकार करायला लावा. विज्ञान शाखेचा मुलगा आहे ना? आईनं सांगितलेलं पटत नाही, स्वतः मोजलेलं पटतं. आटा, ओट्स, मल्टिग्रेन असं लिहिलेल्या नूडल्सच्या पाकिटावरही त्याला हे करायला सांगा. पीठ बदललं तरी पुडीतलं मीठ बहुधा तेवढंच निघतं, म्हणून मी त्यासाठी जास्त पैसे मोजायला कुणाला सांगत नाही.

मुलीसाठी मात्र माझी पहिली पसंती पावभाजीला. तुम्हाला नवल वाटेल, पण नीट केलेली पावभाजी रक्तक्षयावरच्या जेवणात छान बसते. ती लोखंडी तव्यावर किंवा कढईत करा. टोमॅटोच्या आंबटपणानं भांड्यातलं थोडं लोह भाजीत उतरतं. रंग जरा काळसर येईल, येऊ द्या, पण शिजली की दुसऱ्या भांड्यात काढा. बटाटा एक तृतीयांशच, बाकी फ्लॉवर, मटार, गाजर, सिमला मिरची आणि रंगाला थोडं बीट. घोटल्यावर कुणाला काही ओळखू येत नाही. वाटीभर शिजवलेली मसूर डाळ घोटून घातली तर भाजीला दाटपणा येतो आणि चवीत फरक पडत नाही. वर भरपूर लिंबू. शाकाहारी अन्नातलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते, ते लिंबू देतं. अमूल बटर शिजवताना अजिबात घालू नका. पावाला आणि भाजीवर, अगदी वाढताना, एक चमचा. जिभेला पहिला स्पर्श त्या बटरचा होतो आणि सगळी भाजी बटरमध्ये केल्यासारखी वाटते. हीच गोष्ट चीजला आणि चिप्सवरच्या मिठाला लागू आहे. आत मुरवलेलं कळत नाही, वर भुरभुरलेलं कळतं.

तुम्ही बिटाचा केक केलात तो हिमोग्लोबिनसाठी असणार, म्हणून सांगते. बिटाचा रंग लाल आहे, पण त्यात लोह फार थोडं असतं. खजूर आणि गूळ आपण जेवढा खातो, त्यातून मिळणारं लोहही तसंच थोडं. बाजरी, मटकी, हुलगे, तीळ, अळीव, राजगिऱ्याची आणि चवळीची पालेभाजी या खऱ्या कामाच्या गोष्टी. मांसाहार करत असाल तर कलेजी, मटण, मासे यांतलं लोह कितीतरी सहज अंगी लागतं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या शिफारशींत १३ ते १५ वयाच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह सांगितलंय आणि त्याच वयाच्या मुलाला २२. तिची गरज भावापेक्षा जास्त आहे. आपल्या घरांत मात्र अजूनही दुसरं अंडं बहुतेक वेळा मुलाच्या ताटात पडतं. तुमच्या घरी असं होतंय असं मी म्हणत नाही, पण एकदा बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींत रक्तक्षय निघाला होता. एवढ्या मुली आपापल्या आवडीनं कमी खाल्ल्यामुळे आजारी पडल्या असतील, हे मला पटत नाही.

चहा तिचा लगेच सुटणार नाही. शाळेतून आल्यावर काहीतरी खाऊन तासाभरानं अर्धा कप चहा द्या, सकाळचा मात्र काढून घ्या. जेवणाबरोबर किंवा गोळीबरोबर घेतलेल्या चहानं लोह नीट अंगी लागत नाही, आणि दुधानंही ते अडतं. सकाळी ७ ला भूकच नसते, असं ती म्हणत असेल तर ते खोटं नसतं. उशिरा झोपलेल्या मुलीला पहाटे भूक कशी असणार? तिच्या हातात जाताजाता खाता येईल असं काही द्या. अळीव, भाजलेले तीळ, शेंगदाण्याचं कूट आणि बांधायला लागेल तेवढाच गूळ, याचे लिंबाएवढे लाडू. दोन लाडू रिक्षात बसून खाल्ले जातात. नाहीतर बाजरीच्या पिठाचं, कांदा-मेथी घातलेलं छोटं थालीपीठ गुंडाळून द्या. छोट्या सुट्टीत पेरू किंवा संत्रं. आवळ्याच्या दिवसांत मीठ लावलेल्या आवळ्याच्या फोडी, त्या तर मुली आपण होऊन मागतात.

संध्याकाळी तिला भेळ द्या. कुरमुरे, वाफवलेली मोडाची मटकी, शेंगदाणे, कांदा, टोमॅटो, कैरी असेल तर कैरी, चिंचेची चटणी, आणि वरून चिमूटभर शेव. मोड कच्चे घालू नका, पाच मिनिटं वाफवा, पोट बिघडत नाही. आमच्या सांगली-जयसिंगपूरकडचं भडंग चिप्सच्या जागी उत्तम चालतं. लसूण, कढीपत्ता, भरपूर शेंगदाणे, तेल बेताचं. कुरकुरीत हवंय ना, मग हे चिप्सला कुठेही कमी पडत नाही. मक्याचे दाणे आणून कुकरमध्ये फोडलेले पॉपकॉर्नही तसेच. परीक्षेच्या दिवसांत टेबलावर डबा भरून ठेवा.

बाकीच्या पदार्थांचं पटकन सांगते. फ्रँकी म्हणजे शेवटी पोळीची गुंडाळीच. त्यात मेयोनीजऐवजी चक्क्यात लसूण, मिरपूड, पुदिना घालून लावा. मेयोनीजमध्ये बहुतेक तेलच असतं, आणि चक्क्यानं तोच मऊ आंबटपणा येतो. आत अंडं, पनीर, किंवा भिजवून पिळलेल्या सोयाच्या वड्यांचा खिमा. मोमोजमध्ये मैदा आणि थोडा कोबी, एवढंच असतं, म्हणून पोट भरत नाही. घरी निम्मी कणीक, निम्मा मैदा घ्या आणि आत सोया किंवा चिकनचा खिमा भरा. उकडीच्या मोदकाला कळ्या पाडता येतात त्या हाताला मोमो काही अवघड नाही, आणि मुलीला शेजारी बसवलंत तर तीही शिकेल. चायनीज भेळ मात्र मी कमीच करायला सांगते. तळलेले नूडल्स, रंग आणि मिठानं भरलेला सॉस, त्यात सुधारण्यासारखं फारसं उरतच नाही.

पिझ्झाला हात लावू नका. महिन्यातून एकदा बाहेरचाच मागवा, पातळ पावाचा, वर भाज्या किंवा चिकन असलेला. सोबत गार्लिक ब्रेड आणि कोल्ड्रिंक येणारी जोडणी तेवढी टाळा. आधी घरी टोमॅटोचं सार किंवा काकडी-गाजराची कोशिंबीर खाऊन मगच खोका उघडायचा, आणि सगळ्यांनी एकत्र बसून खायचा. काही पदार्थ आनंदासाठी असतात आणि ते तसेच राहू द्यावेत, असं माझं मत आहे.

कोल्ड्रिंकचं मात्र मी एवढ्या सहज सोडत नाही. १०० मिलिलिटरमागे साधारण १० ग्रॅम साखर, म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅमच्या आसपास, पाच-सहा चमचे. वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकांच्या ५ टक्क्यांच्या आत असली तर जास्त चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २००० उष्मांकांच्या आहारात तेही बरोबर २५ ग्रॅमच होतात. एका बाटलीत दिवसाचा वाटा संपला. घरी मसाला ताक करा, कोकमाचं आगळ आणून सरबत करा. सोड्यात लिंबू, सैंधव, पुदिना, चमचाभरच साखर, असं केलं की नाकाला झोंबणारा फसफसाट तसाच राहतो, आणि मुलांना बहुधा तोच हवा असतो. लिंबू सरबतात पाच चमचे साखर घालून ते घरचं आहे म्हणून देऊ नका, शरीराला त्यात काही फरक कळत नाही. आणि मुलगा जागरणासाठी एनर्जी ड्रिंक घेतोय का, ते विचारा. त्या डब्यावरच लहान मुलांसाठी नाही असं छापलेलं असतं. घेत असेल तर ते आजपासून बंद. या उत्तरात आजपासून बंद असं मी एवढ्या एकाच गोष्टीला म्हणतेय.

पुढच्या वर्षभरात तो प्रथिनांची पावडर मागेल. अकरावी-बारावीतली बरीच मुलं मागतात. तेव्हा त्याला हा हिशेब दाखवा. १६ ते १८ वयाच्या मुलाला दिवसाला साधारण ५५ ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंडी १२, मूठभर शेंगदाणे ७, दोन वाट्या उसळ किंवा घट्ट वरण १२, दूध-दही मिळून ४०० मिलिलिटर १३, सहा पोळ्या १८. झाले ६२. अंडी खात नसाल तर पनीर किंवा सोयाच्या वड्या घाला. हजारो रुपयांचा डबा आणायची गरज कुठे आहे?

शाळेच्या कँटीनबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय. जास्त साखर, मीठ आणि चरबी असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा २०२० चा नियम आहे. पालकसभेत हे लेखी मांडा, आणि तक्रारीबरोबर पर्यायही द्या. उकडलेलं कणीस, इडली, अंडं, मटकीची भेळ, ताक. पर्याय हातात दिले की कँटीनवालाही ऐकतो, त्यालाही धंदा करायचाच असतो.

एक काळजी जरूर घ्या. ताटावर वजनाचा विषय काढू नका, मुलीसमोर तर मुळीच नको. "एवढं खाऊ नकोस, जाड होशील" हे एक वाक्य ऐकून जेवण सोडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना पुन्हा नीट जेवतं करायला कधीकधी वर्ष लागतं. आजीनं, काकूनं, शेजारणीनं काही बोलायला सुरुवात केली तर तुम्ही विषय बदला. घरात पौष्टिक हा शब्दही काही दिवस वापरू नका. भडंगाला भडंग म्हणा, मिसळीला मिसळ.

सगळं एकदम बदलायला जाऊ नका. या शनिवारी थर्मास आणा, मटकी भिजत घाला, सोमवारी पहिली मिसळ जाऊ द्या. मुलीचा सकाळचा चहा आणि लाडू, एवढंच तिच्या बाजूनं. नूडल्सची अर्धी पुडी तिसऱ्या आठवड्यात. डॉक्टरांकडे जाताना हिमोग्लोबिनचा जुना रिपोर्ट असेल तर सोबत न्या, आकडा हळूहळू उतरला की एकदम, ते त्यांना कळेल. गोळ्या सुरू झाल्यावर आकडा १२ च्या वर गेला तरी मनानं बंद करू नका, शरीरातला साठा भरायला पुढे काही महिने लागतात. त्यांनी सांगितलेल्या तारखेला पुन्हा तपासणी झाली की नवा आकडा, आणि थर्मास आठवड्यातून किती दिवस रिकामा परत आला, ते मला कळवा. त्यावरून पुढचं ठरवू.